पुलावर पाडलेला उजेड

नगरपालिकेच्या कचेरीत एक भाषांतरकार होता. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. कचेरीत त्याला सगळे 'अथवा' म्हणायचे, आणि तेही तोंडावर. "अथवा, चहा घेणार का?" असं कोणी विचारलं, की तो मान वर करून म्हणायचा, "घेईन अथवा घ्यायला हरकत नाही." यात हसण्यासारखं काय आहे, हे त्याच्या गावीही नसायचं.

त्याला शब्दांची हाव होती. इंग्रजीतला एक शब्द समोर आला, की आपल्या भाषेतले चार-पाच शब्द त्याच्या जिभेवर रांग लावायचे, आणि त्यातल्या एकालाही रिकाम्या हाती परत पाठवणं त्याच्या जिवावर यायचं. कचेरीच्या लिफ्टवर त्याने लावलेली पाटी अशी होती: 'उद्वाहक बंद अथवा नादुरुस्त अथवा तात्पुरता सेवेबाहेर आहे.' लोक पाटी वाचायचे, तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील असा विचार करायचे, आणि बटण दाबून बघायचे.

पण यात नुसती हाव नव्हती, थोडा धूर्तपणाही होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्यावर एकदाही ठपका आला नव्हता. भाषांतर चुकलं म्हणून कोणी ओरडत आलं, की तो शांतपणे पुढच्या 'अथवा'वर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "हे काय, लिहिलंय की." ओरडणारा खाली मान घालून जायचा.

घरी मात्र त्याची डाळ शिजत नसे. त्याच्या बायकोचं कपडे शिवायचं दुकान होतं, नदीच्या पलीकडच्या काठाला. दिवसभर माप घ्यायचं, खूण करायची आणि कात्री चालवायची, असा तिचा धंदा. संध्याकाळी नवरा "थकलीस अथवा दमलीस अथवा कंटाळलीस?" असं विचारू लागला, की ती हातातली पिशवी खाली ठेवायची.

"अहो, कापड एकदाच कापता येतं," ती म्हणायची. "मी गिऱ्हाइकाला बाही लांब अथवा आखूड शिवून देते का?"

ती दमायची, हे खरं होतं. नदीवर चालत जाणाऱ्यांसाठी एक पूल होणार होता. झाला असता तर ती घरातून निघून दुकानात चालत पोचली असती, वाटेत फार तर एखाद्या मैत्रिणीशी बोलायला थांबली असती. पण तो पूल होणार होता तो होणारच होता. त्यामुळे तिला बसने गावाच्या टोकापर्यंत जाऊन, मोठ्या रस्त्याचा पूल ओलांडून, पुन्हा दुसऱ्या बसने उलट यावं लागायचं. समोर दिसणाऱ्या दुकानात जाण्यासाठी रोज असा द्राविडी प्राणायाम.

पुलाची गोष्ट अशी झाली होती. काम लवकर व्हावं म्हणून ते दोन्ही काठांकडून एकदमच सुरू केलं. अलीकडचा ठेकेदार वेगळा, पलीकडचा वेगळा. दोघांनीही जीव तोडून काम केलं. दोघं नदीच्या मधोमध आले, आणि तिथे कळलं की पलीकडचा पूल अलीकडच्या पुलापेक्षा उंच आहे. थोडाथोडका नाही. अलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला पलीकडच्या टोकावरच्या माणसाचे फक्त जोडे दिसावेत, एवढा. नगरपालिकेने त्या जागेभोवती पत्रे ठोकले, पत्र्यांवर 'काम चालू आहे' असं लिहिलं, आणि काम बंद केलं. पत्र्यांआड काय आहे ते मुख्याधिकारी साहेबांना, अभियंत्याला आणि भाषांतरकाराला ठाऊक होतं. भाषांतरकाराला अशासाठी, की वरच्या खात्याला गेलेल्या अहवालाची आपल्या भाषेतली प्रत त्यानेच केली होती. त्यात त्या फरकाला त्याने 'किंचित विसंगती अथवा पातळीतील नैसर्गिक वैविध्य' असं म्हटलं होतं. अभियंत्याला ते इतकं आवडलं होतं, की त्याने भाषांतरकाराला दोनदा चहा पाजला.

एके दिवशी वरच्या खात्याच्या संचालिकाबाईंनी पडद्यावरची बैठक लावली. त्यांना सगळे नुसतं 'वरच्या बाई' म्हणायचे. या बैठकीला बऱ्याच गावांचे अधिकारी असायचे, म्हणून बाई इंग्रजीत बोलायच्या. साहेबांच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यासमोर साहेब, अभियंता आणि कागद-पेन घेऊन भाषांतरकार असे तिघं बसले. आवाज तुटत होता. बाईंनी पुलाबद्दल विचारलं. साहेब म्हणाले, "अंतिम टप्प्यात आहे." बाई म्हणाल्या, "मागच्या वेळीही अंतिम टप्प्यातच होता." मग त्या आणखी काहीतरी बोलल्या, त्यातलं अर्धं खरखरीत गेलं, आणि मग स्वच्छ ऐकू आलं:

"शुक्रवारी मी येतेय. त्याआधी तो पूल, प्लीज, इल्युमिनेट..."

आणि बाई गोठल्या. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, एक बोट वर. थोड्या वेळाने पडदा काळा झाला.

साहेबांनी विचारलं, "काय करायला सांगितलं?"

"इल्युमिनेट," अभियंता म्हणाला.

"ते ऐकलं हो मी. म्हणजे काय?"

दोघांनीही भाषांतरकाराकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. असा शब्द फार दिवसांनी आला होता.

"मोठा शब्द आहे साहेब," तो म्हणाला. "उजळणे. प्रकाशित करणे. दिव्यांनी सजवणे अथवा रोषणाई करणे. अथवा उजाळा देणे. ही झाली एक शाखा. दुसरी शाखा म्हणजे स्पष्ट करणे, उलगडून सांगणे, एखाद्या बाबीवर प्रकाश टाकणे अथवा खुलासा करणे. आणि तिसरी..."

"तिसरीही आहे?"

"ज्ञान देणे अथवा प्रबोधन करणे. शिवाय जुन्या पोथ्यांच्या समासात रंगीत वेलबुट्टी काढण्यालाही..."

"पोथ्या राहू द्या," साहेब म्हणाले. "बाईंना यातलं नेमकं काय हवंय?"

भाषांतरकाराला उत्तर माहीत होतं, निदान त्याची तशी पक्की खात्री होती. जी बाई पूल का होत नाही म्हणून खडसावते आहे, ती खुलासाच मागणार. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. तेवढ्यात त्याला अभियंत्याचा चेहरा दिसला. तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. साहेब पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. एक शब्द उच्चारला, की त्या शब्दामागे आपण एकटेच उभे राहणार, हे भाषांतरकाराच्या ध्यानात आलं.

"ते संदर्भावर अवलंबून आहे," तो म्हणाला.

तिघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला.

"बाईंना फोन करून विचारावं का?" अभियंता पुटपुटला.

"म्हणजे मुख्याधिकाऱ्याला इंग्रजी कळत नाही, हे गावभर करायचं?" साहेब उसळले. "संदर्भ आपणच बघू. समजा खुलासा. खुलासा करण्यासारखं काही आहे का आपल्याकडे?"

अभियंत्याने नकारार्थी मान हलवली, आणि ती बराच वेळ हलवत राहिला.

"मग ज्ञान द्यावं का लोकांना? एखादं व्याख्यान ठेवू," त्याने सुचवलं.

"लोकांना ज्ञान दिलं की ते प्रश्न विचारतात," साहेब म्हणाले. "राहता राहिली रोषणाई. आमच्या साडूंचा मांडव आणि दिव्यांचा व्यवसाय आहे. माणूस सचोटीचा आहे." आणि मग टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "ठरलं. इल्युमिनेट म्हणजे रोषणाई. भाषांतरकार, तशी नोंद करा."

भाषांतरकाराने नोंद केली. या वेळी पुढे 'अथवा' लिहायला त्याचा हात उचलला गेला नाही.

घरी त्याने ही बातमी बायकोला सांगितली, तेव्हा ती एका कोटाची उसवलेली शिवण धरून बसली होती.

"ज्या पुलावरून जाता येत नाही, त्याला दिवे?" ती म्हणाली.

"वरून आदेश आहे."

"त्या बाई दिवे लावा म्हणाल्या?"

"इल्युमिनेट करा म्हणाल्या."

"म्हणजे काय?"

त्याने तोंड उघडलं. तिने सुई उभी धरली. "सगळे अर्थ नकोत हं. त्यांना काय म्हणायचं होतं, ते तुम्हाला कळलं होतं का?"

"कळलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं नाही कोणी." मग बायकोच्या नजरेला नजर देता येईना, तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "विचारलं. संदर्भावर अवलंबून आहे म्हणालो."

तिने हातातली शिवण पुरी केली, दोरा दाताने तोडला आणि कोट घडी घालून ठेवला. उठताना एवढंच म्हणाली, "मोठाच उजेड पाडलात." भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

शुक्रवारपर्यंत साडूंनी पूल नखशिखांत मढवला. कठड्यांना पिवळे दिवे, खांबांना निळे, काठावरच्या प्रवेशाच्या कमानीवर पांढरे. साडू म्हणजे कलेचा माणूस. त्यांना मधले पत्रे खुपू लागले. "असल्या रंगसंगतीत हे गंजलेले पत्रे म्हणजे नव्या सदऱ्याला ठिगळ," असं म्हणून शुक्रवारी अंधार पडता पडता त्यांनी ते काढून टाकायला लावले. पत्र्यांआड काय आहे ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वर चढून दिवे बांधणाऱ्या कामगारांनी ते बघितलं, पण त्यांना कोणी विचारलं नाही. साहेब आणि अभियंता बाईंच्या स्वागताच्या गडबडीत होते.

संध्याकाळी दोन्ही काठांवर ही गर्दी लोटली. पूल चालू होणार, असा लोकांचा समज झाला होता. कित्येकजण पलीकडे जायचं म्हणून चांगले कपडे घालून आले होते. भाषांतरकाराची बायकोही दुकान लवकर बंद करून, दोन बस बदलून, अलीकडे येऊन उभी राहिली. वरच्या बाई आल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, चालण्यात घाई. त्यांच्यासोबत एक छायाचित्रकार होता. काठावर उभारलेल्या व्यासपीठावर एक मोठं लाल बटण होतं. साहेबांनी वाकून त्याकडे हात केला. बाईंनी बटण दाबलं.

पूल झगमगला. गर्दीतून "वा!" असा मोठा आवाज निघाला. पण तो पुरता संपण्याआधीच त्याचं काहीतरी दुसरं झालं. पिवळ्या दिव्यांची रांग अलीकडच्या काठावरून सरळ नदीच्या मध्यापर्यंत गेली होती. पलीकडून येणारी रांगही तशीच सरळ आली होती. दोन्ही रांगा मध्ये आल्या होत्या, आणि एक दुसरीच्या डोक्यावरून चालली होती. दिवसा, पत्र्यांआड, जे इतके महिने कोणाला दिसलं नव्हतं, ते आता काळ्या पाण्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिल्यासारखं दिसत होतं.

"अगं बाई!" गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. "हा तर चुकलाय!"

आधी एकजण हसला, मग दहा, मग दोन्ही काठ. "एक बाही आखूड शिवलीय," भाषांतरकाराची बायको शेजारणीला म्हणाली, आणि ते वाक्य तिच्यापासून सुरू होऊन पार शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. साडू अभिमानाने हसत होते. लोक आपल्या दिव्यांवर खूश आहेत, अशी त्यांची कल्पना होती. छायाचित्रकाराने कॅमेरा वर केला, मग बाईंकडे बघून खाली घेतला.

"हे काय आहे?" बाईंनी साहेबांना विचारलं. बाई आता आपल्याच भाषेत बोलत होत्या, आणि समोरचा ध्वनिक्षेपक चालू आहे, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. प्रश्न दोन्ही काठांना ऐकू गेला.

"आपला आदेश, बाई," साहेबांची जीभ अडखळली. "आपण इल्युमिनेट करायला सांगितलंत. आमच्या भाषांतरकारांनी त्याचा अर्थ... ते इथेच आहेत. या हो, या इकडे."

भाषांतरकाराला व्यासपीठावर ओढलं गेलं. समोरच्या रांगेत बायको उभी होती. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही, उत्सुकतेनेही नाही. एखादं कापड आपल्या मापाला पुरेल का, असं तिचं बघणं होतं.

"मी काय सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

सवयीप्रमाणे शब्दांची रांग लागली. उजळणे आला, उजाळा देणे आला, प्रकाशित करणे कोपराने ढकलत पुढे आला. भाषांतरकाराने तोंड मिटलं, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच इतरांना वाट न देता एक शब्द बाहेर पडला.

"खुलासा," तो म्हणाला. "बाई, तुम्ही खुलासा मागितला होता. पूल का होत नाही त्याचा. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही."

साहेब पांढरे पडले. अभियंता व्यासपीठाच्या पायऱ्यांच्या दिशेने सरकू लागला. बाई क्षणभर भाषांतरकाराकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे थोडे बारीक झाले, मग त्या गर्दीकडे वळल्या. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "खुलासा!" आणि दुसऱ्या काठाने तो शब्द उचलला. काही वेळ नदीवर तोच शब्द इकडून तिकडे जात होता.

बाईंनी हात वर केला. "बरोबर आहे," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मी खुलासाच मागितला होता. आणि तो इथेच, तुम्हा सगळ्यांसमोर झाला पाहिजे, असा माझा आग्रह आहे. अभियंता, कुठे निघालात? बोला."

अभियंत्याला बोलावं लागलं. सुरुवातीला तो नैसर्गिक वैविध्याबद्दल बोलला, पण समोर दिवे इतके लख्ख होते, की त्याचं त्यालाच ते खरं वाटेना. मग सगळं बाहेर आलं. उंची मोजायला दोन्ही ठेकेदारांनी आपापला काठ धरला होता. पलीकडचा काठ मुळात उंच, हे दोघांनाही माहीत होतं, आणि ते दुसऱ्याने लक्षात घेतलं असेल, असं दोघांनाही वाटलं होतं. दोन्हीकडचे आराखडे एकत्र ठेवून बघायचं काम कोणाचं, हे ठरवण्यासाठी एक बैठक ठरली होती. ती साहेबांनी पुढे ढकलली होती.

"का?" बाईंनी विचारलं.

"साडूंकडे कार्य होतं," अभियंता म्हणाला. त्याला आता काहीच लपवावंसं वाटत नव्हतं.

लोक भाषांतरकाराच्या पाठीवर थाप मारायला आले. कोणी हात हातात घेतला, कोणी म्हणालं, अशी माणसं हवीत. व्यासपीठावरून उतरताना तो दोन इंच उंच झाल्यासारखा चालत होता. बाईंच्या गाडीपाशी त्याला बोलावणं आलं. बाईंनी काच खाली केली.

"तुम्हाला एक सांगायचंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी दिवेच म्हणाले होते."

"काय?"

"वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापायला रात्रीचा फोटो हवा होता. पूल इल्युमिनेट करून ठेवा, म्हणजे दिवे लावून ठेवा. तुमच्या साहेबांनी बरोबर ऐकलं होतं. पुलात खोट आहे, हे मला आत्ता कळलं."

भाषांतरकाराने विचारलं, "मग तुम्ही खुलासा का म्हणालात?"

"लोकांचे चेहरे बघितलेत ना? त्या वेळी दिवे म्हणणारी बाई मला व्हायचं नव्हतं." त्यांनी चष्मा पुसला. "माझ्या खात्यात या. मी काय म्हणाले ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मी काय म्हणायला हवं होतं, ते सांगणारा एकही नाही." आणि गाडी निघून गेली.

तो परत गर्दीत आला तेव्हा बायको वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत न दिसलेलं काहीतरी होतं. ते मोडावंसं त्याला वाटत नव्हतं, पण आज गप्प राहून चालणार नाही, हेही त्याला कळत होतं. घराकडे चालता चालता त्याने सगळं सांगितलं.

ती मधेच थांबली. मग हसायला लागली. इतकी, की एका बंद दुकानाच्या पायरीवर तिला बसावं लागलं. डोळ्यांतलं पाणी पदराने पुसत ती म्हणाली, "म्हणजे आयुष्यात एकदाच एक अर्थ धरलात, तोही चुकीचा!"

"चुकीचाच," तो म्हणाला, आणि त्यालाही हसू फुटलं.

"असू दे," ती म्हणाली. "कापायला तर शिकलात."

बाईंच्या खात्यात तो गेला नाही. साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनाही साडू होते, पण ते वाळू-सिमेंटच्या व्यवसायात होते, आणि त्यामुळे असेल किंवा लोकांच्या ओरड्यामुळे असेल, पुलाचं काम पुन्हा सुरू झालं. पूल पाडून परत बांधणं कोणाच्याच हिताचं नव्हतं. म्हणून मधोमध, जिथे दोन टोकं एकमेकांना चुकत होती, तिथे एक भक्कम जिना बांधला गेला.

पहिल्या दिवशी भाषांतरकार बायकोला दुकानात सोडायला गेला. तिच्या हातात शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं होतं, त्याच्या हातात तिचं जेवण. जिन्याच्या तळाशी पोचल्यावर ती थांबली. तिथे अलीकडून चढणारे आणि पलीकडून उतरणारे धापा टाकत उभे होते. कोणी कोणाला कठडा धरायला सांगत होतं, कोणी वाट देत होतं. एक बाई जिन्याला आणि तो बांधणाऱ्यांना मनसोक्त शिव्या देत होती, आणि दोन्हीकडचे लोक तिला दाद देत होते.

"द्या ते इकडे," तो म्हणाला आणि गाठोडं त्याने खांद्यावर घेतलं. तिने जेवणाचा डबा घेतला, साडीचा काठ थोडा उचलून धरला, आणि त्याच्या पुढे जिना चढू लागली.